भिजलेला मका आणि न वाढणारी पिल्लं

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात राहते. बचत गटाचं कर्ज काढून वराहपालन सुरू केलं. लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या आठ माद्या आहेत. दिवाळीच्या आधी परतीच्या पावसात भिजलेला मका एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाला म्हणून चाळीस पोती घेतली. थोडा काळवंडलेला होता. धुऊन, गच्चीवर वाळवून भरडला आणि घाण्यावरच्या शेंगपेंडीत मिसळून घालायला लागलो. आता दूध तोडलेली पिल्लं वाढतच नाहीत. केस राठ, पाठीचा कणा दिसतो, काही पिवळट वाटतात. चार गेली. ताप कुणालाच नव्हता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, जंताचं औषध दोनदा झालं, फरक शून्य. अडीच महिन्यांच्या मादी पिल्लांची निरणं, म्हणजे योनीचा बाहेरचा भाग, सुजून लाल झाली आहेत, जणू माजावर आल्यात. एकीचं आतडं मागून बाहेर आलं. दोन मोठ्या माद्या माजावरही येत नाहीत आणि गाभणही नाहीत. मला मक्याचाच संशय येतो. मामंजी म्हणतात, "डुकराला काय बी घाला, पचतंय." पोती टाकून द्यायची माझी हिंमत होत नाही. मका उकळून घातला तर चालेल का? नाहीतर गाईला घालू का? आणि ही पिल्लं सुधारतील का?

उत्तर

ताई,

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजच करा. संध्याकाळच्या खाद्यात तो मका घालू नका. पिल्लांना नको, गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांनाही नको. शेंगपेंडही बंद ठेवा. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण तोवर रोज दोन-तीन वेळा तेच पोटात जाणार. अहवाल निर्दोष आला तर चार दिवस महागडं खाद्य घातल्याचा तोटा होईल, एवढंच. उलट निघाला तर हे चार दिवस पिल्लांच्या जिवाचे असतील.

तुमचा संशय मला बरोबर वाटतो. ताप नाही, अँटिबायोटिकला दाद नाही, एकाच वेळी अनेक जनावरं, आणि सगळं नवा माल सुरू केल्यानंतर. या चार गोष्टी एकत्र आल्या की गोठ्यातल्या जंतूंच्या आधी गव्हाणीतल्या खाद्याकडे बघायचं. त्यात मादी पिल्लांच्या निरणाची सूज ही खूण तर इतकी ठळक आहे की ती वाचल्यावर मी पत्र परत एकदा पहिल्यापासून वाचलं.

बुरशी धान्यावर वाढताना काही रसायनं तयार करते. ती मालात उतरतात आणि बुरशी मेल्यावरही तिथंच राहतात. तुम्ही मका धुतलात, वाळवलात, त्यामुळे काळपट थर गेला आणि ओलावा कमी झाला. पुढची बुरशी वाढायची थांबली असेल, पण आधी दाण्यात उतरलेलं विष बहुतेक तसंच राहिलं. म्हणून वाळलेला, चांगला दिसणारा मकासुद्धा विषारी असू शकतो. उलटही घडतं. वरून बुरशी दिसते आणि तपासणीत विष सापडत नाही. डोळ्यांवर आणि नाकावर याचा निकाल लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

तुमच्या गोठ्यात मला एकापेक्षा जास्त विषं दिसतात.

पहिलं अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीपासून होतं आणि आपल्याकडे त्याचं सगळ्यात मोठं घर म्हणजे शेंगदाणा आणि त्याची पेंड. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्कीची पिल्लं मेली. रोग सापडेना म्हणून त्याला नावच पडलं ‘टर्की एक्स’. शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीवर गेलं आणि तिथून अफ्लाटॉक्सिन जगाला माहीत झालं. आपल्या देशातला दाखला याहून जवळचा आणि याहून वाईट आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं आणि शंभरावर माणसं गेली. तोच मका खाणारी कुत्रीही तशीच मेली. भिजलेल्या मक्याला मी का घाबरतो ते यावरून समजेल.

अफ्लाटॉक्सिनचा मारा यकृतावर. पोटात गेल्यावर यकृत त्याला मोडायला जातं आणि मोडताना त्यातूनच अधिक घातक रूप तयार होतं. ते यकृताच्या पेशींच्या गाभ्याला चिकटतं आणि प्रथिनं बनवायचं काम मंदावतं. पुढचं सगळं त्यातून येतं. अंगावर मांस चढत नाही, पोटात पाणी साठतं, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. रक्त गोठवणारे घटकही यकृतच बनवतं, म्हणून ढुशी लागली तरी कातडीखाली काळंनिळं होतं. मेलेल्या पिल्लाचं यकृत पिवळट, तुपकट किंवा घट्ट झालेलं निघतं. हे विष थोडं थोडं जात राहिलं तर पिल्लू मरत नाही, नुसतं खुरटतं. आणि प्रतिकारशक्ती ढासळते. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लस टोचलेली असते पण अंगी लागत नाही. साधी हगवण लागते आणि जीव घेऊन जाते. मग दोष लसीला, औषधाला, डॉक्टरांना जातो आणि गव्हाणी तशीच भरत राहते.

दुसरं झिअरालेनोन. तुमच्या मादी पिल्लांवर जे दिसतंय ते याचं काम. फ्युझेरियम ही बुरशी मका शेतात उभा असतानाच, कणीस पिकायच्या वेळी पाऊस लागला की आत शिरते. परतीचा पाऊस तिला मानवतो. या विषाची रचना मादीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन संप्रेरकाशी मिळतीजुळती असते, त्यामुळे शरीर फसतं. अडीच महिन्यांच्या पिल्लात स्वतःचं संप्रेरक जवळपास नसतंच, म्हणून परिणाम उघडा दिसतो. निरण सुजतं, लाल होतं, सडं फुगतात. जोर करकरून एखादीचं मायांग किंवा गुदद्वार बाहेर येतं. नर पिल्लांची सडंसुद्धा फुगलेली दिसतात, जरा उलटून बघा. मोठ्या माद्यांत हेच विष खोटं गाभणपण आणतं. मादी माजावर येत नाही म्हणून मालक गाभण समजतो, आणि दिवस भरले तरी विण्याचं चिन्ह नसतं. तुमच्या दोन माद्यांचं हेच झालं असावं. डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या म्हणजे उगाच वाट बघावी लागणार नाही.

त्याच फ्युझेरियम कुळातली आणखी दोन विषं मक्यात सोबतीला असतात. व्होमिटॉक्सिन असेल तर डुक्कर गव्हाणीजवळ येतं, हुंगतं आणि मागे सरतं, क्वचित ओकतं. फ्युमोनिसिन फार असेल तर फुप्फुसात पाणी भरून पिल्लू तोंडाने श्वास घेत झटकन जातं. पत्रात धाप लागल्याचा उल्लेख नाही, तरी नजर ठेवा. पिल्लं फार पाणी पितात आणि सारखी मुततात असं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. ऑक्राटॉक्सिन नावाचं आणखी एक विष मूत्रपिंड धरतं.

आता मामंजींचं म्हणणं. ते पूर्वीच्या अनुभवावर बोलत आहेत आणि तो अनुभव खोटा नाही. गावातली मोकाट डुकरं दिवसभर हिंडायची, इथलं घासभर, तिथलं घासभर खायची. एखाद्या उकिरड्यात विष असलं तरी पोटात थोडंच जायचं. आणि त्यांची किती पिल्लं जगली, किती गेली याचा हिशेब कुणी ठेवला? तुमचं पिल्लू चार भिंतींत आहे. एकाच पोत्यातलं, एकाच गव्हाणीतलं, रोज तेच खातं. त्याला निवडायला काही नाही. शिवाय गाई-म्हशीच्या कोठीपोटात जंतूंची मोठी वसाहत असते, ती यातली काही विषं थोडीफार मोडते. डुकराचं पोट आपल्यासारखं एकच. विष थेट आतड्यातून रक्तात. झिअरालेनोनच्या बाबतीत तर डुकराचं यकृत त्याचं अधिक तीव्र रूप बनवतं, म्हणून पाळीव जनावरांत या विषाचा सगळ्यात जास्त त्रास डुकरालाच होतो. पिल्लं त्याहून नाजूक. पंधरा किलोचं पिल्लू वजनाच्या हिशेबात मोठ्या डुकराच्या जवळपास दुप्पट खातं आणि त्याचं यकृत अजून पुरतं तयार झालेलं नसतं. मामंजींना हे शांतपणे सांगा. त्यांच्यासमोर एक सुजलेलं पिल्लू आणि एक चांगलं पिल्लू शेजारी धरा, जास्त बोलावं लागणार नाही.

किती विष म्हणजे फार? अमेरिकेत लहान डुकरांच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा २० पीपीबी आहे. पैदाशीच्या जनावरांना मक्यातून १०० आणि पन्नासेक किलोच्या पुढच्या, कत्तलीसाठी वाढवलेल्या डुकरांना २०० पर्यंत चालवून घेतात. झिअरालेनोनसाठी युरोपात पिल्लं आणि पहिलटकरणींना १०० पीपीबी, तर मोठ्या माद्या आणि वाढवलेल्या डुकरांना २५० हा मार्गदर्शक आकडा आहे. पीपीबी म्हणजे अब्जात एक. २० पीपीबी म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात एक मिलिग्रॅम, चिमटीतून निसटलेल्या मिठाच्या काही कणांएवढं. इतक्याशा विषाला चाळणी, पाणी आणि ऊन पुरं पडत नाही, हे आता तुम्हालाही पटेल.

उकळायचं म्हणालात. नको. अफ्लाटॉक्सिन मोडायला दोनशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि पाणी शंभरावर उकळतं. झिअरालेनोनही चुलीवर मोडत नाही. उकळण्याचा सल्ला तुम्ही कुठंतरी ऐकला असणार, आणि तो खराच आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. महामार्गावरच्या हॉटेलांचं खरकटं आणून घालणारे बरेच आहेत. ते खरकटं नीट खळखळ उकळलंच पाहिजे, कारण त्यातून स्वाइन फीव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे विषाणू येतात आणि ते उकळल्यावर मरतात. विषाणू मरतो, बुरशीचं विष मरत नाही. बेकरीतला बुरसटलेला पाव कुणी फुकट देतो म्हणून उकळून घालत असाल तर तोही बंद करा.

गाईला घालायचा विचार तर मनातून काढूनच टाका. दुभत्या गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनपैकी साधारण १ ते २ टक्के, आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्त भाग, रूप बदलून दुधात उतरतो. दूध तापवून तो जात नाही. आपल्या देशात दुधातल्या या विषाची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जे विष पिल्लाच्या यकृतात गेलं असतं ते डेअरीच्या कॅनमधून कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाईल, कदाचित तुमच्याच घरातल्या. अफ्लाटॉक्सिन माणसात यकृताचा कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. कोंबड्यांना टाकू नका, बदकं असतील तर मुळीच नको, ती पिल्लांहूनही लवकर मरतात. आणि तो मका दुसऱ्या शेतकऱ्याला गुपचूप विकूही नका. तुमच्यावर जे आलं ते त्याच्यावर जाईल.

दुकानात टॉक्सिन बाइंडरच्या, म्हणजे विष धरून ठेवणाऱ्या, पुड्या मिळतात. "ही घाला, काही होत नाही" असं विक्रेता सांगेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला खरोखर धरते. त्या विषाचा रेणू चपटा असतो, मातीच्या थरांत अडकतो आणि शेणावाटे निघून जातो. खाद्यात साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो हे त्याचं नेहमीचं प्रमाण. पण झिअरालेनोन, व्होमिटॉक्सिन, फ्युमोनिसिन यांना ही माती फारशी धरत नाही. त्यांच्यासाठी यीस्टच्या आवरणाची किंवा विष मोडणाऱ्या एन्झाइमची वेगळी उत्पादनं असतात, ती महाग पडतात आणि सगळ्यांचा गुण सारखा नसतो. तुमच्या गोठ्यातली ठळक खूण झिअरालेनोनची आहे. म्हणजे साधी मातीची पुडी घालून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि निरणं सुजतच राहतील. बाइंडर चांगल्या मालाला जोड म्हणून वापरा, खराब माल खपवायला नको. प्रोपिऑनिक आम्लाची बुरशीनाशकं मिळतात त्यांचंही तेच. ती पुढची बुरशी अडवतात, झालेलं विष काढत नाहीत.

आता नमुना. हे काम नीट केलं नाही तर अहवाल फसवा येतो, कारण विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यातल्या मूठभर दाण्यांत भयंकर असतं आणि शेजारच्या किलोभर दाण्यांत काहीच नसतं. अडत्याकडे पोत्यात खुपसून धान्य काढायची टोकदार नळी असते, ती मागून आणा. जेवढी पोती उरली असतील त्या प्रत्येकातून वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढा. असा चार-पाच किलो माल झाला की तो सगळा भरडून घ्या, ताडपत्रीवर नीट कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, परत कालवा, परत चार भाग करा. शेवटी किलोभर उरेल तो कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये घाम धरून वाटेतच नवी बुरशी येते. शेंगपेंडीचा नमुना वेगळा. गव्हाणीच्या तळाला चिकटलेल्या खाद्याचाही वेगळा. पिशवीवर तारीख आणि काय आहे ते लिहा. तसाच दुसरा संच घरी सीलबंद ठेवा. व्यापाऱ्याची पावती असेल तर जपून ठेवा, भरपाई मागायची वेळ आली तर हाच पुरावा.

तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करा, लक्षणं सांगा, नमुना त्यांच्याकडे आणायचा की पुढे पाठवायचा ते विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे. शिवाय कोंबडीखाद्य बनवणारे कारखाने मक्याची गाडी उतरवण्याआधी ओलावा आणि अफ्लाटॉक्सिन बघतात. ओळखीचं कुणी असेल तर तिथं पट्टीवरची झटपट तपासणी होऊ शकते. प्रयोगशाळेत मात्र ‘अफ्लाटॉक्सिन बघा’ एवढंच सांगू नका, झिअरालेनोनचं नाव घेऊन मागा. नाहीतर अहवालात अफ्लाटॉक्सिन कमी दिसेल आणि तुम्ही मका पुन्हा सुरू कराल.

दुर्दैवाने आणखी एखादं पिल्लू गेलं तर ते पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलवा. पोट उघडून यकृत बघितलं तर अर्धा निकाल तिथंच लागतो. यकृतावर पांढरे डाग असतील तर जंत, सगळं अंग पांढरंफटक असेल तर लोहाची कमतरता, हेही तेव्हाच कळतं. पण मेलेलं पिल्लू गाडीवर टाकून स्वतः कुठं नेऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून आपल्या देशात आहे आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. ताप, कानांवर आणि पोटावर लाल-जांभळे चट्टे, मोठी डुकरं पटापट मरणं यातलं काहीही दिसलं तर बुरशीचा विषय बाजूला ठेवा, त्याच तासाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि गोठ्यात ये-जा थांबवा. तुमच्या पत्रातली लक्षणं तशी नाहीत, तरी डोळे उघडे ठेवा.

पिल्लांना आता काय घालायचं? यावर उतारा असं औषध नाही. विष थांबवणं आणि यकृताला सावरायला चांगलं अन्न देणं, एवढंच हातात आहे. कोरडा, खात्रीचा मका ६० किलो, सोयापेंड २६ किलो, गव्हाचा कोंडा ११ किलो, खनिज मिश्रण अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो, असं शंभर किलो खाद्य केलं तर साधारण १९ टक्के प्रथिनं मिळतात. दूध तोडलेल्या पिल्लांना ती लागतात. सोयापेंड कारखान्यातली घ्या. घरचं सोयाबीन कच्चं भरडून घालू नका, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि मेथिओनाइन यकृताला मदत करतात, ते डॉक्टरांच्या हिशेबाने द्या. अँटिबायोटिकचा कोर्स सुरू असेल आणि डॉक्टरांना जंतूंची लागण दिसत नसेल तर तो थांबवायचा का ते त्यांना विचारा, उगाच यकृतावर भार कशाला. दूध पिणारी पिल्लं असतील तर त्यांच्या आईचं खाद्य सगळ्यात आधी बदला, कारण मादीच्या दुधातूनही हे विष पिल्लांकडे जातं.

आतडं बाहेर आलेलं पिल्लू लगेच वेगळं करा. बाकीची ते चावतात आणि मग वाचवणं अवघड होतं. मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं त्यावर ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा, ते आत ढकलून टाका घालतात. उशीर केला तर ते सुकून काळं पडतं.

चाळीस पोत्यांचं काय, हा तुमचा खरा जीव जाळणारा प्रश्न आहे आणि मला तो समजतो. बचत गटाचा हप्ता मका बघून थांबत नाही. अहवालात झिअरालेनोन मर्यादेत आणि अफ्लाटॉक्सिन २०० च्या खाली निघालं, तर पन्नास किलोच्या पुढच्या, विक्रीच्या डुकरांना तो मका बाइंडर घालून, चांगल्या मक्यात मिसळून, डॉक्टरांच्या सल्ल्याने संपवता येईल. विक्रीच्या आधी काही आठवडे तोही बंद. आकडे त्याच्या वर असतील तर वाचवायचा मार्ग नाही. विहिरीपासून लांब खड्डा काढून शेणासोबत कुजवा. पोती हलवताना नाका-तोंडाला फडकं बांधा, ती धूळ तुमच्या छातीत जायला नको. चार पिल्लं गेली, दोन माद्यांची एक वीण गेली, उरलेल्यांचं वजन गेलं. हे सगळं मांडून बघा. स्वस्तात घेतलेला मका तुम्हाला आधीच महाग पडला आहे, आणि तो जितके दिवस घालाल तितका आणखी महाग पडेल.

पुढचा मका घेताना ओलावा बघूनच घ्या. १४ टक्क्यांच्या वर नको, साठवायचा तर १२ च्या आसपास. ओलावा मोजायचं यंत्र अडत्याकडे असतंच, पैसे देण्याआधी तुमच्यासमोर मोजायला लावा. संकोच करू नका, बाई विचारते म्हणून कुणी उडवून लावलं तर दुसरं दुकान बघा. फुटके दाणे आणि चुरा चाळून काढा, विष त्यात जास्त असतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पत्र्याच्या खोलीत रात्री आतून घाम धरतो आणि थेंब वरच्या पोत्यांवर पडतात, तिथं हवा खेळती पाहिजे. भरडलेलं खाद्य पावसाळ्यात आठवडाभराचंच करा. भरडायच्या यंत्राच्या कोपऱ्यात आणि गव्हाणीच्या सांध्यात जुनं खाद्य गोळा होऊन हिरवं पडतं, ते खरवडून धुऊन वाळवा. नाहीतर नवा चांगला माल त्याच बुरशीवर ओतला जाईल. शेंगपेंड घालायचीच असेल तर थंडीतली ताजी, कोरडी, कुबट वास नसलेली, आणि पिल्लांना तीही नको.

सुधारतील का, विचारलंत. निरणाची सूज खाद्य बदलल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते, त्यातल्या बहुतेक माद्या पुढे नीट माजावर येतात. ज्यांच्या यकृताला फार मार लागला नाही ती पिल्लं खायला लागतील, अंगावर चमक येईल, पण मागे पडलेले दिवस पूर्ण भरून निघतीलच असं सांगत नाही. डोळे पिवळे झालेली आणि पोटात पाणी भरलेली काही आणखी जातील. तो धक्का बसायच्या आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाद्य बदलूनही मेली म्हणून तुम्ही नव्या खाद्यावर संशय घेणार नाही. दर आठवड्याला त्याच दिवशी वजन करा आणि वहीत लिहा. तिसऱ्या आठवड्यात वजन चढताना दिसलं नाही तर मला परत लिहा, मग दुसरं कारण शोधू.

या पिल्लांतून पैदाशीला माद्या ठेवायचा बेत असेल तर आत्ता कुणाचीही निवड करू नका. आठ महिन्यांची होईपर्यंत थांबा, दोन-तीन माज नीट येतात का बघा, वजन शंभर किलोच्या पुढे गेलंय का बघा, आणि मगच नर दाखवा. आणि स्वाइन फीव्हरची लस या मक्याच्या काळात टोचली गेली असेल तर ती तारीख डॉक्टरांना दाखवा. पिल्लं सावरल्यावर पुन्हा टोचायची का, ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.